सॉरी म्हटलं ना!



"सॉरी म्हटलं ना, आता काय पाया पडू?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि खरे सांगायचे तर म्हटलेही आहे. हिंजवडीच्या रस्त्यावर गाडीला गाडी घासली की सॉरी, मिस्सेला उशीर झाला की सॉरी, नीट ऐकू आले नाही तरी सॉरी! इंग्रजी न शिकलेल्या आजीच्या तोंडीही हा शब्द आता बसला आहे.

या शब्दाचे मूळ मात्र विचार करायला लावणारे आहे. जुन्या इंग्रजीत 'सार' म्हणजे जखम, वेदना. त्यावरून 'सारिग', म्हणजे दुःखाने व्यापलेला. त्याचेच पुढे 'सॉरी' झाले. म्हणूनच कुणाच्या घरी मृत्यू झाला असताना इंग्रज 'सॉरी' म्हणतो, तेव्हा तो माफी मागत नसतो. आपल्यालाही दुःख झाले, एवढेच सांगत असतो. 'सॉरी स्टेट' म्हणजे दयनीय अवस्था. आपल्याकडेही तसेच आहे. फारसीतून आलेल्या 'दिलगीर' या शब्दाचा अर्थ, ज्याचे काळीज दुःखाने धरले आहे असा. 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप, जिवाची होरपळ.

हे शब्द मुळात समोरच्याकडे काही मागत नाहीत. ते आपल्या मनाची वेदना सांगतात. आपण मात्र सॉरी म्हणतो ते विषय मिटवण्यासाठी. समोरच्याने लगेच माफ केले नाही, तर उलट त्याच्यावरच रागावतो!

मग सॉरी म्हणूच नये का? तसे नाही. चुकून धक्का लागला तर तेवढा शब्द पुरतो. पण भावाच्या शेताचा बांध कोरला असेल, तर सॉरीने बांध मागे सरकत नाही. शेजारणीची बदनामी केली असेल, तर सॉरीने तिचे नाव परत येत नाही.

प्रायश्चित्त संस्कारात ख्रिस्तसभा आपल्याकडून तीन गोष्टी मागते: मनापासून पश्चात्ताप, पापांची कबुली आणि भरपाई. 1992 साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक श्रद्धाग्रंथाची शिकवण स्पष्ट आहे. पापक्षमेने पाप जाते, पण पापाने झालेले नुकसान आपोआप भरून निघत नाही. चोरलेले परत करावे लागते.

जकातदार जक्कय आठवा (लूक 19:1-10). त्याच्या तोंडी माफीचा एक शब्दही नाही. तो उभा राहतो आणि म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन. त्या घराला तारण लाभल्याचे प्रभू त्याच दिवशी सांगतो.

जांबे परिसरात जमिनीला भाव आला आणि किती तरी सख्ख्या भावांचे बोलणे बंद झाले. अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, असे प्रभू म्हणतो (मत्तय 5:23-24). आज मिस्सा संपवून घरी जाताना आपण स्वतःला विचारू या: कुणाला आपण नुसतेच सॉरी म्हटले आहे, आणि कुणाचे काय परत करायचे राहिले आहे?