अंदाजाने घाल

मुळगावात एखादी नवी सून प्रथमच खतखते करू लागली आणि तिने विचारले, "तिरफळां कितलीं?", तर उत्तर येते, "घाल गो अदमासान!"

प्रिय वाचकहो, हा अदमास वीस वर्षे चुलीपुढे बसून आलेला असतो. तो नवशिकीपाशी कोठून असावा? तिरफळातील काळी बी काढून टाकावयाची, हेही कोणी सांगत नाही. जेवण बिघडले की दोष मात्र तिचा! शेजाऱ्यावरील प्रीतीत, आपणांस येते ते त्याला समजेल असे सांगणे येते की नाही? कमलाबाई ओगले यांनी 'रुचिरा'त (१९७०) वाटी-चमच्याचे माप दिले. आईपासून दूर संसार थाटलेल्या मुलींना केवढा आधार झाला! मापाने हाताची चव जाते, असे काही सुगरणी म्हणतात. मला तसे वाटत नाही. पहिल्या दिवशी सहा तिरफळे सांगावीत. पुढे ती आपणच कमीजास्त करील.