दूरदेशीच्या जुलमाची कादंबरी

ज्या देशात आपण कधी राहिलो नाही, ज्याची भाषा आपणांस येत नाही आणि ज्याच्या तुरुंगाची भिंतही आपण पाहिलेली नाही, त्या देशातील जुलमावर कादंबरी लिहिण्याचा नैतिक अधिकार आपणांस आहे काय? रशियातील सत्तेच्या दुरुपयोगावर एक राजकीय रहस्यकादंबरी लिहावी, हा विचार काही दिवसांपासून आमच्या मनात घोळत असल्यामुळे हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आहे. विषय आकर्षक आहे, यात शंका नाही. गुप्त पोलीस, विषप्रयोग, परागंदा झालेले साक्षीदार, रात्री दारावर पडणारी थाप, अशी रहस्यकथेला लागणारी सारी सामग्री तेथे सिद्धच आहे. परंतु विषय आकर्षक असणे आणि तो हाती घेणे योग्य असणे या दोन भिन्न गोष्टी होत.

पहिला आक्षेप भित्रेपणाचा. आम्ही चेन्नईतील एका केंद्र सरकारी कचेरीत कारकून आहोत. १९६४ च्या आचरण नियमांतील नवव्या नियमाप्रमाणे सरकारी नोकराला केंद्र वा राज्य सरकारच्या धोरणावर अगर कृतीवर प्रतिकूल टीका प्रसिद्ध करता येत नाही. ती स्वतःच्या नावाने असो की टोपणनावाने, नियम सारखाच. परराष्ट्राशी असलेले आपले संबंध अडचणीत येतील असे विधान करण्यासही त्याच नियमाने मज्जाव आहे. तेव्हा रशियाचा विषयही अगदीच निर्धास्त नाही. तथापि कादंबरीतील पात्रे बोलतात ते लेखकाचे विधान नव्हे, हा आडोसा तेथे अधिक भक्कम आहे, हे उघड आहे. मग कोणी विचारील, की दिल्लीविषयी लिहिता येत नाही म्हणून मॉस्कोविषयी लिहावयाचे, याला धैर्य म्हणावे की पळवाट?

आडोशाने बोलणे मुळातच हीन आहे असे मात्र आम्हांस वाटत नाही. मराठी वाचकाला तर ते वाटूच नये. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा कथा विराटाच्या राजवाड्यातली होती. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि विटंबना होत असलेली द्रौपदी म्हणजे हा देश, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. अखेर ते सरकारलाही समजले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. आम्ही राहतो त्या शहराचा इतिहासही हेच सांगतो. माथेरानला जन्मलेले गिरीश कार्नाड १९६३ पासून १९७० पर्यंत मद्रासेत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कचेरीत नोकरी करीत होते. त्याच काळात, १९६४ साली, त्यांचे कन्नड 'तुघलक' प्रसिद्ध झाले, आणि चौदाव्या शतकातील त्या सुलतानाच्या कथेत वाचकांना स्वातंत्र्योत्तर काळातील भ्रमनिरास दिसला. पुढे विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले. १९६८ साली याच शहरात चो रामस्वामींनी तोच सुलतान तमिळ रंगभूमीवर आणला आणि त्याला चक्क आधुनिक भारताचा पंतप्रधान करून टाकले.

या तिन्ही लेखकांनी दूरचा काळ निवडला. पण त्यांच्या नाटकांतला बाण सुटला तो स्वतःच्या घराच्या दिशेने. प्रेक्षक नाट्यगृहातून बाहेर पडला तो कीचकाला शोधीत, आणि कीचक त्याला जवळच सापडत होता. खाडिलकरांना जी किंमत मोजावी लागली, ती त्या दिशेचीच किंमत होती. यावरून एक कसोटी हाती लागते: आडोसा कशाचा घेतला यापेक्षा त्या आडोशाआडून नेम कोणावर धरला, हे पाहिले पाहिजे.

परंतु हीच कसोटी रशियाला जशीच्या तशी लावता येत नाही, आणि येथे दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. कीचक पुराणातला, तुघलकाला जाऊन सहा शतके लोटली. रशियातील माणसे मात्र कालपरवा मेलेली आहेत. त्यांच्या आया, त्यांच्या बायका जिवंत आहेत. त्यांच्या मरणाचा उपयोग आपल्या घरच्या गाऱ्हाण्याला मुखवटा म्हणून करणे हा त्या मृतांचा अपमान होईल. तेव्हा लेखकावर दोन ऋणे येतात. तेथील सत्याशी प्रामाणिक राहावयाचे, आणि येथील वाचकालाही निर्दोष ठरवून घरी पाठवावयाचे नाही.

ही दोन्ही ऋणे एकदम फेडता येतील काय? सर्गेई माग्निट्स्की यांचे प्रकरण वाचल्यावर ती फेडता येतील असे आम्हांस वाटू लागले. हे गृहस्थ मॉस्कोत करसल्लागार होते. २००७ साली पोलिसांनी झडती घेऊन एका गुंतवणूक संस्थेशी संबंधित कंपन्यांचे शिक्के आणि कागदपत्रे नेली. त्यानंतर त्या कंपन्या परस्पर दुसऱ्यांच्या नावे झाल्या आणि भरलेल्या कराचा ५४० कोटी रूबलांचा परतावा त्यांच्या नव्या मालकांनी मागितला. २४ डिसेंबर २००७ रोजी एका दिवसात तो मंजूर झाला. माग्निट्स्की यांनी याविषयी साक्ष दिली आणि पोलीस अधिकाऱ्यांची नावे घेतली. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांनाच अटक झाली आणि १६ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते कोठडीत मरण पावले. त्यांना योग्य औषधोपचार मिळाला नाही, असे रशियाच्या अध्यक्षांच्या मानवाधिकार परिषदेनेच २०११ साली म्हटले. एवढ्यावरही हे संपले नाही. २०१३ च्या जुलैत मॉस्कोच्या न्यायालयाने या मृत मनुष्याला करचुकवेगिरीबद्दल दोषी ठरविले.

रहस्यकथेचा नेहमीचा वाचक या हकिगतीत पिस्तूल शोधील. आमच्या अंगावर काटा आला तो 'एका दिवसात' या दोन शब्दांनी. ज्याने सरकारी कचेरीत दहा वर्षे काढली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. परताव्याचा अर्ज आवक नोंदवहीत चढतो, टिपणी होते, त्रुटी निघतात, शंका विचारल्या जातात, कागद वर जातो आणि शेरा घेऊन खाली येतो. ५४० कोटींचा कागद सकाळी येऊन सायंकाळी मंजूर होतो, तेव्हा कोणीतरी शंका विचारलेली नसते. कोणा एकाने नव्हे, तर वाटेवरच्या प्रत्येकाने ती गिळलेली असते. मेलेल्या माणसावर खटला चालतो, तेव्हाही कोणी कारकून त्याच्या नावाची फाइल उघडतो, तारीख घालतो, शिक्का मारतो. त्या कारकुनाचे नाव जगाला ठाऊक नाही. आमच्या मते कादंबरी त्याची आहे.

रहस्यकादंबरीचा मोठा दोष येथेच लक्षात येतो. ती सारे पाप एका खलपुरुषावर लोटते. तो जितका अक्राळविक्राळ, तितके वाचकाला अधिक हलके वाटते. कारण आपण तसे नाही याची प्रत्येक वाचकाला खात्री असते. परंतु जुलूम करण्यास एकटा मनुष्य कधीच पुरेसा नसतो. १९३७ व १९३८ या दोन वर्षांत सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींप्रमाणे ६,८१,६९२ माणसांना गोळ्या घालण्यात आल्या. या नोंदी ठेवणारे हात कोणाचे होते? ते राक्षसाचे नव्हते. पगाराच्या तारखेची वाट पाहणाऱ्या माणसांचे होते.

आणि असे हात आपल्याकडे नाहीत, या भ्रमात कोणी राहू नये. आणीबाणीच्या काळात दिल्लीत स्थानबद्धतेचे हुकूम आधी सह्या होऊन निघाले आणि त्यांची कारणे मागाहून लिहिली गेली, हे शाह आयोगाने नोंदवून ठेवले आहे. ३१ जानेवारी १९७६ रोजी तामिळनाडूचे सरकार बरखास्त झाले आणि द्रविड मुन्नेत्र कळघमच्या कार्यकर्त्यांना मिसाखाली मद्रासच्या मध्यवर्ती तुरुंगात कोंडण्यात आले. तेथे त्यांना मारहाण झाली. त्यांतील माजी महापौर चिट्टिबाबू १९७७ च्या जानेवारीत मृत्यू पावले. पुढे न्यायमूर्ती इस्माईल यांच्या आयोगाने त्या तुरुंगातील वागणुकीची चौकशी केली. मार खाणाऱ्यांत करुणानिधींचा एक तरुण पुत्र होता. मार्च १९५३ मध्ये, रशियाचा हुकूमशहा मरण पावला त्याच आठवड्यात, तो जन्मला होता आणि त्या हुकूमशहाचेच नाव त्याला देण्यात आले होते: स्टालिन. ज्या नावाने मॉस्कोत माणसे थरथर कापत, त्याच नावाचा तरुण मद्रासेत लाठी खात होता. जुलमाला विशिष्ट देश नसतो, विशिष्ट नावही नसते. तो तुरुंग २००९ साली पाडण्यात आला. पण भिंती पाडल्याने त्या काळी सह्या करणाऱ्यांचा प्रश्न मिटत नाही.

आमचा निष्कर्ष असा, की रशियावर कादंबरी लिहिण्यास हरकत नाही; मात्र ती अमुकच रीतीने लिहिली पाहिजे. तेथील माणसांविषयी जे ठाऊक आहे तेवढेच ठाऊक असल्यासारखे लिहावे; त्यांच्या अंतःपुरांचे आणि कटांचे चित्र रंगविण्याचा मोह टाळावा. आपणांस ज्याची खरी ओळख आहे, तो कचेरीतला मनुष्य मध्यभागी ठेवावा. त्याला मुलांच्या शाळेची फी भरावयाची असावी, म्हाताऱ्या आईचे औषध आणावयाचे असावे, वरिष्ठांची मर्जी राखावयाची असावी. त्याच्यापुढे एका सकाळी तो परताव्याचा कागद यावा. त्याने शंका विचारली तर काय होईल, हे त्याला पुरते ठाऊक असावे. आणि विचारली नाही तर काय होईल, हे ठाऊक करून घेण्याची त्याला इच्छा नसावी. लेखकाने त्याला राक्षस करू नये आणि क्षमाही करू नये.

अशी कादंबरी लिहून झाली, तर नववा नियम तिला आड येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. तिच्यात दिल्लीचे नाव नसेल, चेन्नईचेही नसेल. परंतु ती वाचणाऱ्या एखाद्या कारकुनाला दुसऱ्या दिवशी कचेरीत समोर आलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी तो एकदा पुन्हा वाचावासा वाटला, तर रशियाविषयी लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू. तसे कोणालाच वाटले नाही, तर ती कितीही थरारक असली, तरी पळवाटच ठरेल.