ओल कुणाची?

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावून शॉवरखाली उभे राहणे म्हणजे अभ्यंगस्नानाचा अपमान, असे माझी आई म्हणत असे. तिच्या मते हा सण घंगाळाचा आणि तांब्याचा. मी मात्र सावेडीच्या या सदनिकेत राहायला आल्यापासून शॉवरचा भक्त झालो, आणि गेल्या दिवाळीपर्यंत त्या भक्तीला गालबोट लागले नव्हते.

गेल्या पाडव्याला आम्ही उभयता खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे फराळाला गेलो. चकली तोंडात टाकता टाकता माझे लक्ष त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडे गेले. तिथले देवघर जागेवर नव्हते. कपाट सरकवून ते समोरच्या भिंतीला बसवले होते. जुन्या जागी, दिवाळीसाठी दिलेल्या नव्या रंगाला पोपडे आले होते, छतावर परातीएवढा पिवळट डाग होता आणि त्याखाली एक पातेले ठेवलेले होते. मी वर पाहतो आहे हे काकूंच्या ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "भाऊ, अनारसा घ्या की."

अनारसा घशाखाली उतरेना. कारण चैत्रात, म्हणजे सात महिन्यांपूर्वी, काकू मला जिन्यात म्हणाल्या होत्या, "वरून ओल येतेय वाटतं." मी म्हणालो होतो, "आमचं न्हाणीघर तुमच्या न्हाणीघरावर आहे, काकू. ओल स्वयंपाकघरात. ती आमची कशी असेल?" युक्तिवाद बिनतोड होता. काकूंनी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी देव हलवले.

ज्या गावात निजामशाहीच्या काळी कापूरवाडी, वडगाव, भिंगारकडून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी आणले गेले, त्या नगरच्या माणसाला पाणी न दिसता कोसभर चालू शकते हे कुणी शिकवायला हवे काय? लादीच्या दरजेतून उतरलेले पाणी खालच्या भरावात साठते, उताराने सरकते आणि स्लॅबला जिथे बारीकशी वाट सापडेल तिथे डोके वर काढते, किंवा खाली म्हणा. दोन भिंती ओलांडून यायला त्याला परवानगी लागत नाही. हे मला कळत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. मला ते कळून घ्यायचे नव्हते.

इथेच मला छळणारा प्रश्न आहे. आपल्या नकळत दुसऱ्याचे नुकसान झाले, तर आपण दोषी का? माझे मन चटकन सांगते, की नाही; अजाणता घडले त्याला पाप म्हणत नाहीत. पण 'ठाऊक नव्हते' आणि 'ठाऊक करून घेतले नाही' या दोहोंत फरक आहे. चैत्रातल्या त्या जिन्यापर्यंत मी पहिल्या वर्गात होतो. काकू बोलल्या त्या क्षणी माझा वर्ग बदलला.

याला पुरावाही माझ्याच घरात होता. त्याच उन्हाळ्यात आमच्या शॉवरच्या तोंडातून रात्री थेंब पडू लागला. सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. वीस लिटरच्या आसपास पाणी! मला त्या टपटपीने झोप येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वायसर बदलून घेतला. माझी झोप मोडणारी गळती एका दिवसात थांबली. काकूंचे देव हलवणारी सात महिने चालली.

पाडव्याच्या रात्री मी परीक्षा घेतली. आधी घरातले सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या आमच्या टाकीत पट्टी बुडवली. सकाळी पातळी तीच होती. म्हणजे सतत भरलेले नळ ठीक होते. मग न्हाणीघराच्या जाळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कपड्याचा बोळा घट्ट बसवला, जमिनीवर दोन बोटे पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि चोवीस तास तिथे कुणी पाऊल टाकायचे नाही असे फर्मान काढले. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेखाली बोटभर उतरले होते आणि खाली काकूंच्या छतावरचा डाग काळवंडला होता. पाणी उतरले नसते तर भिंतीच्या लाद्या आणि शॉवरकडे चढणारा भिंतीतला नळ तपासावा लागला असता. तशी वेळ आली नाही. एक बोळा, एक पेन्सिल आणि एक दिवस! यासाठी मी सात महिने घेतले होते.

का घेतले? आळस म्हणावा, तर वायसर कसा बदलला? खर्चाची भीती होती खरी, पण त्याहून मोठी भीती माझेच घर दोषी निघेल ही होती. या बाबतीत आमच्या जिल्ह्यातल्या भंडारदऱ्याच्या धरणाची मला आठवण होते. १९२६ साली पूर्ण झालेल्या या दगडी धरणाला १९६९ साली तडे गेले आणि गळती वाढली. पुढे भिंतीला मागच्या अंगाने भक्कम टेकू देण्यात आले आणि धरण आजही उभे आहे. मोठ्या धरणांच्या पोटात एक बोळ ठेवतात आणि तिथे झिरपणारे पाणी नेमाने मोजतात. थोडेफार झिरपणारच, हे इंजिनियर गृहीत धरतो. म्हणून गळतीची बातमी त्याला अपमान वाटत नाही. मला ती वाटली.

गवंडी आला. जाळीभोवतीच्या लाद्या उचलल्यावर खालचा सिमेंट भुसभुशीत झालेला निघाला. नवा थर, पाणीबंद लेप, मग लाद्या बसवण्यापूर्वी पुन्हा एक दिवस पाणी भरून परीक्षा, असे सारे झाले. खालून छताला नुसता लेप देऊन भागेल काय, असे मी भीतभीत विचारले होते. गवंडी हसला. जखम त्यांच्या घरात असली तरी औषध माझ्याच घरात लावायचे होते.

काका निम्मा खर्च देऊ लागले आणि खरे सांगतो, माझा हात क्षणभर पुढे झाला. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे न्हाणीघरातल्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदनिकेच्या मालकाचा. नियम पैशाचा निकाल देतो. पण शोधायला कधी लागावे, हे तो सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.

स्लॅब वाळायला उन्हाळा उजाडला. मग मी त्यांचा कोपरा रंगवून दिला. यंदा फराळाला गेलो तेव्हा छत स्वच्छ होते. देवघर मात्र समोरच्याच भिंतीला. मी काही विचारण्याआधीच काकू म्हणाल्या, "राहू द्या आता. देवांना तिथली सवय झाली."

हल्ली काकू जिन्यात भेटल्या, की मीच आधी विचारतो, "काकू, वरून काही येत नाही ना?"