वाकडा तारा

आगमनकाळात आपली तरुण मंडळी वृद्धाश्रमात जाऊन वडीलधाऱ्यांसमवेत कागदी तारे करतात. थरथरत्या बोटांनी चिकटवलेला कागद सुरकुततो, तारा वाकडा होतो. मग कोणीतरी तो उकलून नीट करतो. हेतू चांगलाच, परंतु तारा सुधारताना ते हात मात्र निरुपयोगी ठरतात. १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकरांनी ग्रेच्चो येथे गव्हाण मांडली, तेव्हा गवत, बैल व गाढव एवढेच तेथे होते. उजेड गावकऱ्यांनी आपापल्या मशालींनी आणला. वृद्धांना आपण फराळ देतो, शाली देतो. काही देण्याचा त्यांचा अधिकार मात्र नकळत काढून घेतो. दुसऱ्याचे आदराने स्वीकारणे हीदेखील प्रीतीच होय. कामट्या आपण बांधाव्यात, कागद त्यांनी चिकटवावा, आणि तो वाकडा ताराच गोठ्यावर टांगावा.