तिखट कुणासाठी?

लवंगी मिरचीचं रोप गॅलरीतल्या दहा-बारा इंची कुंडीतही चांगलं वाढतं. तळाला पाणी निघून जायला भोकं, मातीत चांगलं कुजलेलं शेणखत, पाच-सहा तासांचं ऊन, आणि वरची माती सुकली की पाणी. पानं मुरडू लागली तर निंबोळी अर्काची फवारणी. एवढं केलं की पांढरी फुलं येतात आणि पाठोपाठ मिरच्या लागतात.

यातली एक पिकलेली मिरची उभी चिरून पाहावी. आत पांढरी शीर असते, तिला बिया चिकटलेल्या असतात. तिखट बियांत असतं असं आपण समजतो. खरं तर तिखटपणा देणारं कॅप्सेसिन त्या पांढऱ्या भागात तयार होतं. बी स्वतः तिखट नसते. तिच्याभोवती तिखटाचा पहारा असतो.

हा पहारा कुणासाठी? आपल्या मिरचीची रानटी बहीण अमेरिकेतल्या ॲरिझोनात उगवते. तिचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००१ साली उत्तर मांडलं. उंदरांसारखे प्राणी बी चावून टाकतात, ती पुन्हा रुजत नाही. त्यांना तिखट झोंबतं. पक्ष्यांना मात्र ते जाणवतच नाही. ते बी अख्खी गिळतात, दूर नेऊन टाकतात आणि तिथे नवं झाड उभं राहतं. चावणाऱ्याला अडवायचं आणि पेरणाऱ्याला वाट मोकळी ठेवायची, हा मिरचीचा विवेक.

आपल्या तिखटाला हा विवेक असतो का? बाहेर कुणी डोळ्यांदेखत अन्याय करतो, तेव्हा आपली जीभ मऊ होते. आणि सगळं तिखट राखून ठेवलेलं असतं ते घरच्यांसाठी: थकून आलेल्या जोडीदारासाठी, पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या म्हाताऱ्या आईसाठी, चुकत शिकणाऱ्या मुलासाठी. आपल्यातलं चांगलं पुढे नेणारी माणसं हीच असतात, आणि आपण त्यांनाच पोळवतो.

राग गिळून माणसानं सदा गोड व्हावं, असं नाही. राखण्यासारखं काही असेल तिथे धार हवीच. आज कडक शब्द ओठांवर आला, तर क्षणभर थांबून पाहावं: समोर बी चावणारा आहे की बी पेरणारा? तिखट कुठे वापरायचं, ते मग आपोआप कळेल.