बारा कार्षापणांचं वस्त्र

कोल्हारहून लोणी, सिन्नर करत नाशिकला जाणाऱ्या सहलींनी त्रिरश्मी लेण्यांच्या पायऱ्या जरूर चढाव्यात. बहुतेकांना ही जागा पांडवलेणी म्हणून माहीत असते. गाईड बरोबर असला की अठराव्या लेण्यातला चैत्य आणि स्तूप बघायला मिळतो, तिसऱ्या लेण्याचा भार खांद्यावर पेलणारे यक्ष दिसतात, सातवाहन आणि क्षत्रपांच्या लढाया ऐकायला मिळतात. हे सगळं बघावंच. पण दहाव्या लेण्याच्या ओसरीत गाईडला थोडं थांबवावं.

तिथे भिंतीवर ब्राह्मी लिपीत चक्क एक हिशेब कोरला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज होतं दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. गणित बरोबर जुळतं, एक नाणं इकडचं तिकडे होत नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे नोंदवला, हेही तिथेच लिहिलं आहे.

कोल्हारच्या माणसाला हा कोरीव लेख फोड करून सांगावा लागणार नाही. शेजारी प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला सुमारे पाऊणशे वर्षं झाली. सोसायटी, पतसंस्था, ठेव, व्याज, सभेत वाचून दाखवलेला ठराव हे या भागातल्या घराघरातलं बोलणं आहे. गावच्या भगवतीमातेच्या देवळात हात जोडणारा माणूसच सोसायटीच्या सभेत हिशेब विचारतो आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

पैशाची भाषा आली की श्रद्धा उणी होते, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. उत्साहाच्या भरात एकदा दान करणं सोपं असतं. आपल्या माघारी, आपण कधी न पाहिलेल्या भिक्षूलाही वस्त्र मिळावं म्हणून व्याजाचा दर ठरवून ठेवणं, ही करुणेची फार पुढची पायरी आहे. आणि खरं ओझं उचललं ते विणकरांनी. दाता एकदा देऊन मोकळा झाला. मागावर बसलेल्यांनी मात्र मुदत नसलेला शब्द दिला. त्यांच्यापैकी एकाचंही नाव या लेखात नाही.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, निःपात केल्याचा अभिमान आहे. मात्र तिथून जवळच असलेल्या दहाव्या लेण्यातला हरलेल्या घराण्याचा लेख आजही वाचता येतो. त्याच लेण्यात नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने दिलेल्या खोलीचा लेखही आहे. आणि चैत्याच्या दारावरच्या कोरीवकामाचं दान कुणा राजाचं नाही, धंभिक नावाच्या गावच्या लोकांचं आहे. दाराशी पोहोचलात की गाईडला त्या गावाबद्दल अवश्य विचारा.