गाडीतून उतरणे

वाचकहो, मरणाचे स्मरण ठेवा, असे मी पन्नास वर्षे कीर्तनात सांगत आलो. ऐकणारे मान डोलवीत, बुक्का लावून घरी जात. मीही जात असे. पण ज्यांच्या धंद्यातच मरण शेजारी बसलेले असते, त्यांचे काय? मोटारींच्या शर्यतीत योखेन रिंट १९७० साली मोंझा येथे सरावातच गेला. जगज्जेतेपद त्याला मेल्यावर मिळाले.

मला अधिक आठवतो तो ऑस्ट्रियाचा निकी लाउडा. १९७६ च्या ऑगस्टात जर्मनीतील नुरबुर्गरिंगवर शर्यत होती. हा मार्ग धोक्याचा, धावू नये, असे त्याने आधीच सांगितले होते. सोबत्यांनी मानले नाही. त्याच शर्यतीत त्याची गाडी पेटली. मागून आलेल्या चालकांनी त्याला आगीतून ओढून काढले. इस्पितळात पाद्र्याने अखेरची प्रार्थनाही म्हटली. आणि सहा आठवड्यांत, भाजल्या डोक्याला पट्ट्या बांधून, हा गृहस्थ पुन्हा शर्यतीत! जग धन्य म्हणाले. मी मात्र तेथे थांबत नाही.

२४ ऑक्टोबरला जपानात फुजी येथे शेवटची शर्यत. गुणांत तो पुढे होता. पाऊस असा, की समोरचे दिसेना. दोन फेऱ्या होताच त्याने गाडी आत आणली आणि उतरला. संघाचा अभियंता म्हणाला, यंत्र बिघडले असे सांगू. लाउडाने ते नाकारले. आपणच थांबलो, हे लपवले नाही. जगज्जेतेपद एका गुणाने गेले.

आगीतून परतणे कठीण, की हे? माझा गळा गेला, तेव्हा मी दोन वर्षे 'पडसे झाले आहे' म्हणत गादी धरून होतो.